न हलणारा बोल्ट

मागच्या आठवड्यात आपण नळाचा वायसर बदलला. तुमच्यापैकी कितीजणांनी तो खरंच बदलला आणि कितीजणांनी नुसतं वाचून पान उलटलं, हे मला इथे बसून कळत नाही. पण ज्यांच्या घरचा नळ अजूनही टिपटिप गळतोय, त्यांनी आधी तो आवळून यावा आणि मग पुढचं वाचावं!

आज नळापेक्षा मोठं काम आहे. आज आपण गाडीखाली शिरणार आहोत. अर्थात तुम्ही कागदावरच शिरायचं. मी खरोखर शिरले होते आणि त्या वेळी माझ्याकडून एक चूक झाली, तीच आज तुम्हांला सांगायची आहे.

आमच्या काकांची एक जुनी गाडी होती. चौदा वर्षं ती रत्नागिरीजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी राहिली. काकांना गाडी चालवणं जमेना, तेव्हा ती माझ्याकडे चिंचवडला आली. दिसायला छान, इंजिनही ठणठणीत. पण खड्ड्यातून गेली की पुढच्या चाकांजवळून 'टक्-टक्' आवाज यायचा. चाकणच्या रस्त्याने रोज शाळेत जायचं म्हणजे खड्ड्यांना तोटा नाही. त्यामुळे दिवसभर माझ्या कानात ती टकटक बसलेली असायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गाडी मामाकडे नेली. मामा एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला. आता मोशीच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं छोटंसं गॅरेज आहे. आमच्या या पट्ट्यात असे मामा पुष्कळ. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, १९६६ मध्ये टेल्को आली, म्हणजे आजची टाटा मोटर्स. पुढे आकुर्डीच्या स्कूटर देशभर धावल्या आणि नंतर चाकणला गाड्यांचे कारखाने उभे राहिले. तेव्हापासून इथल्या घराघरांत कुणीतरी नट-बोल्टांवर पोट भरलेलं असतंच. तुमच्याही घरात असेल. विचारून पाहा.

मामाने पहार लावून चाकाजवळ हलवून पाहिलं आणि सांगितलं, "खालच्या आर्मचे बुश गेलेत. दोन्ही बाजूंचे."

हा आर्म म्हणजे काय? आपलं मनगट पुढच्या हाताला जोडलेलं असतं आणि पुढचा हात कोपरातून खालीवर होतो, तसंच हे. चाक एका लोखंडी हाताला जोडलेलं असतं आणि तो हात गाडीच्या चौकटीला. चौकटीशी जिथे जोड असतो तिथे रबराचा जाड बुश असतो. बुशच्या पोटात पोलादी नळी आणि नळीतून आरपार जाणारा बोल्ट. खड्डा आला की आर्म वर जातो, रबर पिळवटतं आणि पुन्हा सरळ होतं. रबर फाटलं, की लोखंडावर लोखंड आपटतं. तीच ती टकटक!

म्हणजे काम सोपं. बोल्ट काढायचे, आर्म उतरवायचे, नवे बुश दाबून बसवायचे, बोल्ट लावायचे. माझा नववीतला भाचा सोबत होता. तो म्हणाला, "मावशी, दोन तासांचं काम आहे." मलाही तसंच वाटलं.

मामाने गाडी जॅकवर उचलली आणि तिच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या. घोडी म्हणजे जाड पायांचा स्टँड. मी म्हणाले, "मामा, जॅक आहे की! घोड्या कशाला?" मामा काही बोलला नाही. नुसतं बघितलं आणि घोडी आणखी एक बोट आत सरकवली. मग चहा आणायला निघून गेला.

इथे आमचा उतावळेपणा सुरू झाला.

डाव्या बाजूचा बोल्ट. सतराचा रिंगपाना लावला, जोर केला. हूं की चूं नाही. पाय लावून ढकललं, तरी नाही. भाच्याच्या डोक्यात विज्ञानाचं पुस्तक होतं. "मावशी, तरफ! दांडा लांब केला की बळ वाढतं." बरोबरच आहे. पान्याची लांबी साधारण तीस सेंटिमीटर. कोपऱ्यात एक मीटरचा पाईप पडला होता, तो आम्ही पान्यावर चढवला. आता हिशेब करा. मी वीस किलोचा जोर लावला, तर तीस सेंटिमीटरवर पीळ बसतो सहा किलो-मीटरचा. एक मीटरवर तोच वीस. तिपटीहून जास्त! मी दोन्ही हातांनी पाईप ओढला. भाचा गाडीखाली डोकं घालून पाना धरून होता.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग पाना जरासा 'मऊ' लागला. मला वाटलं, निघाला! मी आणखी जोर केला.

'कट्!'

बोल्टचं डोकं तुटून पान्यासकट खाली पडलं. मी मागे धडपडले. झटक्याने गाडी हलली, जॅक तिरका झाला आणि निसटला. गाडी दोन बोटं खाली आली आणि घोडीवर टेकली.

दोन बोटं. तिच्या खाली माझ्या भाच्याची छाती होती.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. माझे हात कापत होते. मामा चहाचे ग्लास घेऊन दारात उभा. त्याने ग्लास खाली ठेवले, आधी पोराला जवळ घेतलं आणि मग मला म्हणाला, "घोड्या कशाला, ते कळलं?"

त्या दिवशी आणखी काम झालं नाही. चहासुद्धा कुणी प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामाने आम्हांला स्टुलावर बसवलं. "बोल्ट का हलत नाही, ते आधी सांगा. मग पाना हातात घ्या."

का हलत नाही? तुम्ही म्हणाल, गंज चढलाय म्हणून. पण गंज म्हणजे नेमकं काय? लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन, हे तिघे एकत्र आले की गंज तयार होतो. यातला एक जरी गैरहजर असला तरी गंज धरत नाही. समुद्रावरच्या हवेत मीठ असतं. मिठाच्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतात, म्हणून तिथे गंजण्याचा वेग वाढतो. कोकणातल्या खिडक्यांचे गज आठवा.

आणि आता खरी मेख. लोखंडाचा गंज झाला की तो जास्त जागा मागतो. गंजाच्या प्रकारानुसार दुप्पट ते सहापट! उघड्यावरच्या गजाला काही अडचण नाही, गंज फुगतो आणि पापुद्रे होऊन गळतो. पण बुशच्या नळीत बोल्ट अडकलेला. तिथे फुगायला जागाच नाही. मग गंज दोन्हीकडून दाबत बसतो, पाचर ठोकल्यासारखा. चौदा पावसाळे तो पाचर ठोकत होता आणि मी म्हणत होते, दोन तासांत काढते!

"आणि तो मऊ लागला ते?" भाच्याने विचारलं.

"ते लक्षात ठेव," मामा म्हणाला. "बोल्ट सुटतो तेव्हा कर्रर्र आवाज येतो. आवाज न होता पाना मऊ लागला तर बोल्ट सुटत नाय, पिळवटतोय. तिथंच थांबायचं. बोल्टाला ताकद लागत नाय पोरी, येळ लागतो."

उजव्या बाजूचा बोल्ट अजून जागेवर होता. तो आम्ही मामाच्या पद्धतीने काढला. त्याला चार दिवस लागले, पण सगळे मिळून काम किती? रोजची वीस मिनिटं. कसं ते पाहा.

पहिला दिवस. तारेच्या ब्रशने चिखल आणि सुटा गंज काढला. मग गंज सोडवणारं पातळ तेल जोडावर मारलं. हे तेल फटीत शिरतं कसं? दिव्याची वात आठवा. रॉकेल वातीतून आपोआप वर चढतं, कुणी ढकलत नाही. बारीक फटीत पातळ द्रव स्वतःहून ओढला जातो, याला केशाकर्षण म्हणतात. जाड ग्रीस तिथे जात नाही, पातळ तेलच जातं. आणि तेही लगेच नाही, सावकाश.

अशा तेलांपैकी एकाची गोष्ट मजेची आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात काही माणसं ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून द्रव शोधत होती. पाणी हटवणारं मिश्रण हवं होतं. एकोणचाळीस वेळा जमलं नाही, चाळिसाव्या वेळी जमलं. म्हणून त्याचं नाव पडलं 'डब्ल्यूडी-४०'. चाळीस हा आकडा अजून डब्यावर आहे. नापास झाल्याचा असा अभिमान दुसऱ्या कुणी डब्यावर छापला असेल का?

दुसरा दिवस. पुन्हा तेल. आणि बोल्टच्या डोक्यावर छोट्या हातोडीने टकटक. जोरात घाव घालायचे नाहीत, दारावर थाप मारतो तशा थापा. धक्क्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तड्यांतून तेल आत उतरतं. मामा सांगत होता, बोल्ट आरपार असेल आणि टोकाकडून ठोकायचं असेल, तर नट काढून टाकू नये. टोकाबरोबर येईल इतका फिरवून ठेवावा. नाहीतर घावाने आटे चेपतात आणि नवीन दुखणं सुरू होतं.

तिसरा दिवस. पुन्हा तेल, पुन्हा थापा. या वेळी पाना बदलला. माझा रिंगपाना बारा कोनांचा होता, तो बोल्टला फक्त कोपऱ्यांवर धरतो. कोपरे झिजले की पाना नुसता गोल फिरतो. मामाने सहा कोनांची गोटी काढली. ती बोल्टच्या सहाही सपाट बाजूंना बिलगून बसते. मग मामा म्हणाला, "आता आवळ."

"आवळू? काढायचाय ना, मामा?"

"आधी केसभर आवळ, मग सोड."

मी केसभर आवळला, आणि कर्रर्र! गंजाची पकड मोडायला बोल्ट कुठल्या दिशेने हलतो याचं महत्त्व नव्हतं. हलला याचं होतं.

चौथा दिवस. पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, तेलाचा थेंब, पुन्हा पाव फेरा. पुढे-मागे करताना आतला गंज दळला जात होता. तपकिरी चिखलासारखं तेल बाहेर येत होतं. सरळ काढत गेलो असतो तर तोच चुरा आट्यांत अडकून बोल्ट पुन्हा जाम झाला असता. संध्याकाळी पाचच्या सुमारास बोल्ट अख्खा माझ्या हातात आला. भाच्याने अशी शिट्टी मारली की शेजारच्या शेडमधले लोक बघायला आले.

आणि डावीकडचा, मी तोडलेला? त्याची शिक्षा मामाला झाली. करवतीने बुशच्या दोन्ही बाजूंना बोल्ट कापला, तेव्हा आर्म उतरला. चौकटीच्या आत वेल्डिंग केलेल्या नटात तुकडा राहिला तो राहिलाच. तिथे मामाने गॅसची ज्योत वापरली. पेट्रोलची नळी कुठून जाते ते पाहून, ब्रेकची रबरी नळी बाजूला बांधून, ओलं पोतं आणि वाळूची बादली जवळ ठेवून. आम्हांला त्याने शेडच्या बाहेर उभं केलं होतं.

ज्योतीने काय होतं? पोलाद तापलं की वाढतं. नटाचं छिद्र बारा मिलिमीटर. नट बोल्टपेक्षा ३०० अंशांनी जास्त तापला, तर छिद्र किती वाढेल? १२ × ०.००००१२ × ३०० म्हणजे साधारण ०.०४ मिलिमीटर. जेमतेम डोक्यावरच्या एका बारीक केसाएवढं. पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. मग तुकड्याच्या बरोबर मध्ये भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घातला. तो उलटा फिरवला की आत रुतत जातो आणि त्याच दिशेने तुकडा सुटत येतो. ज्याने ही युक्ती शोधली त्याला नमस्कार करावासा वाटला! या एका तुकड्यात मामाचा दीड दिवस गेला. माझ्या पाच मिनिटांच्या घाईची ती किंमत. घाटात पाटी असते ना, 'अति घाई संकटात नेई'? तशी एक पाटी गॅरेजातही हवी.

नवे बुश बसले. आता बोल्ट. उजवीकडचा बोल्ट भाच्याने घासूनपुसून चकचकीत केला होता. तो म्हणाला, "आजोबा, हाच घालू या की. कशाला नवीन आणायचा?"

मलाही मनातून तेच वाटत होतं. महिनाअखेर होती.

मामाने व्हर्नियर काढला आणि पोराच्या हातात दिला. "मोज. डोक्याजवळ मोज, आणि मधे जिथं कंबर बारीक दिसते तिथं मोज."

डोक्याजवळ बारा मिलिमीटर, कमरेत दहा.

"दोनच मिलिमीटर," भाचा म्हणाला.

दोनच? मित्रांनो, वही घ्या. बोल्टची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. बाराचा वर्ग १४४, दहाचा १००. म्हणजे १४४ मधले ४४ भाग गेले. जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गंजाने खाल्ली, आणि वरून बोल्ट चकचकीत! भाच्याने हिशेब केला, बोल्टकडे पाहिलं आणि तो स्वतःच भंगारच्या डब्यात टाकला. मी तो पुन्हा उचलून पिशवीत ठेवला. का, ते शेवटी सांगते.

नवे बोल्ट घेताना मामाने डोक्यावरचे आकडे दाखवले. तुम्हीही एखाद्या मोठ्या बोल्टचं डोकं निरखून पाहा. ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं दिसेल. पहिला आकडा तो बोल्ट किती ताणापर्यंत टिकतो ते सांगतो. त्याला शंभराने गुणलं की उत्तर मेगापास्कलमध्ये मिळतं. टिंबानंतरचा आकडा, त्यातल्या किती दशांश ताणापर्यंत तो कायमचा न वाकता तग धरतो, ते सांगतो. जिथे १०.९ हवा तिथे कमी आकड्याचा बोल्ट चालत नाही, मग तो कितीही नवा असो.

बोल्टच्या अंगाला ग्रीस लावलं, पुढच्या चौदा पावसाळ्यांसाठी. आणि शेवटचं आवळणं मामाने गाडी चाकांवर उतरवून केलं, टॉर्क पान्याने, मोजून. हवेत टांगलेल्या गाडीचे बोल्ट आवळले तर रबर उतरल्यावर कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट केली. टकटक गेली.

मित्रांनो, गंज आवाज करत नाही, म्हणून आपण त्याला छोटा समजतो. १५ जून २०२५ चा रविवार आठवतो का? तळेगावजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक आहे हे आधीच सांगितलेलं होतं, तरी लोक त्यावर गेले. लोखंड जुनं झालं की ते पूर्वीइतका भार झेलत नाही. बाहेरून तसंच दिसतं, एवढंच. म्हणून धोक्याची पाटी दिसली तर आपण मागे फिरायचं आणि बरोबरच्यांनाही फिरवायचं. कुणी भित्रे म्हणालं तर म्हणू द्यावं.

करून पाहा

काचेचे तीन पेले घ्या. पहिल्यात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं पाणी. तिसऱ्यात मोठ्यांच्या मदतीने उकळून, झाकून गार केलेलं पाणी आणि वर गोडेतेलाचा थर. प्रत्येकात एक कोरा लोखंडी खिळा टाका. चकचकीत पांढरा मुलामा दिलेला खिळा नको. आठ दिवस रोज पाहा आणि वहीत लिहा. कुठे गंज आधी दिसला? तेलाच्या थराखाली काय झालं, आणि का?

शिवाय एक लहान नट-बोल्ट हाताने आवळून पंधरा दिवस मिठाच्या पाण्यात भिजवून, सुकवून, पुन्हा भिजवून ठेवा. मग उघडून पाहा. उघडला नाही तर? काय करायचं ते आता तुम्हांला माहीत आहे.

पक्कं लक्षात ठेवा

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा, डोकं घालायचं नाही. घोडी हवीच, आणि जाणतं माणूस जवळ हवं. गंज झाडताना डोळ्यांवर चष्मा हवा. ज्योतीचं काम मुलांनी करायचं नाही.

तो कमरेत बारीक झालेला बोल्ट आता माझ्या वर्गात टेबलावर असतो. चौथीतली मुलं तो हातात घेऊन बघतात. परवा एका मुलीने विचारलं, "बाई, हा तुटला नाही, मग तुम्ही जपून का ठेवलाय? तुटलेला ठेवायचा ना!"

मी तिला सांगितलं, तुटलेला ठेवायची गरज नाही, तो मला विसरताच येत नाही.

खिळ्यांचं काय झालं ते मला पत्राने कळवा. पुढच्या आठवड्यात आपण घरातल्या कुलपाच्या पोटात डोकावू. तोपर्यंत जुन्या किल्ल्या गोळा करून ठेवा.

तुमची,
बाई